दिसतं छान, पण लागतं कुठे?

शनिवार सकाळ. दुसरा चहा झालाय, बायको आणि लेक फार्मर्स मार्केटला गेल्यात आणि माझ्यासमोर टेबलावर एक जुनाट स्कोप पडलाय. स्कोप म्हणजे रायफलवर बसवतात ती दुर्बीण. काळी नळी, कडेचा रंग उडालेला, काचेला किंचित पिवळट झाक. दोन वर्षांपूर्वी मी याच स्कोपला पाच मिनिटांत "भंगार" ठरवून मोकळा झालो होतो. आजचा लेख म्हणजे त्या पाच मिनिटांचं प्रायश्चित्त समजा.

आधी एक खुलासा. मंडळी, मी शिकारी नाही. पुण्यात वाढलो, लहानपणी बंदूक पाहिली ती फक्त बँकेच्या रखवालदाराच्या खांद्यावर. टेक्सासला आलो, यथावकाश ग्रीन कार्ड झालं आणि ऑफिसातल्या एका मित्राच्या नादाने एक .२२ रायफल घेतली. महिन्यातून दोनदा रेंजवर जाऊन कागदाला भोकं पाडतो, बस्स. आईला फोनवर सांगितलं तेव्हा ती म्हणाली, "अरे, एवढं शिकून तिथे जाऊन हेच करतोस का?" तिला काय सांगणार? खरं म्हणजे मला बंदुकीपेक्षा तिच्यावरच्या दुर्बिणीतच जास्त रस आहे. पॉन शॉपच्या काचेच्या कपाटात, गराज सेलच्या खोक्यात, दहा-वीस-चाळीस डॉलरला जुने स्कोप पडलेले असतात. ते उचलून डोळ्याला लावायचे, नॉब फिरवायचे, हा आमचा फावल्या वेळचा उद्योग.

या उद्योगामुळे गल्लीत मी "तज्ज्ञ" झालो. आणि तिथेच घोळ झाला.

शेजारी एक सत्तरी ओलांडलेले गृहस्थ राहतात. आम्ही घरात त्यांना आजोबाच म्हणतो. दोन वर्षांपूर्वी ऑक्टोबरमध्ये ते दोन स्कोप घेऊन आले. एक त्यांच्या वडिलांचा, पोलादी नळीचा चौपट मोठं दाखवणारा वीव्हर के-४. दुसरा पॉन शॉपमधून ३५ डॉलरला घेतलेला, नव्वदच्या दशकातला, ३ ते ९ पट झूमचा आणि ४० मिलिमीटर भिंगाचा. कंपनीचं नाव घेत नाही. आजोबा म्हणाले, "यंदा सीझनला यातला कुठला लावू?"

मी दोन्ही डोळ्याला लावले आणि समोरच्या घराच्या छपराकडे बघितलं. के-४ मधून छप्पर जरा पिवळट, कडेला थोडं अंधुक. आणि झूमवाल्यातून? आहाहा! कवेलू मोजून घ्या. मी तज्ज्ञाच्या थाटात सांगितलं, "जुना आठवण म्हणून ठेवा, हा दुसरा लावा."

त्यांनी लावला. रेंजवर नेऊन झिरो केला, म्हणजे फुली जिथे आहे तिथेच गोळी लागेल असे नॉब जुळवले. शेवटची गोळी बरोब्बर मध्यावर लागली आणि ते समाधानाने घरी आले. नोव्हेंबरमध्ये हिल कंट्रीतल्या एका रँचवर, संध्याकाळी, नव्वदेक यार्डांवर एक व्हाइटटेल हरीण उभं होतं. आजोबांनी खांद्यामागे नेम धरला. हरीण कळवळून उडालं आणि झाडीत गेलं. गोळी मागे, पोटात लागली होती. टॉर्च घेऊन रात्री दहापर्यंत माग काढला, दुसऱ्या दिवशी सकाळी पुन्हा शोधलं. नाही सापडलं.

पोटात गोळी लागलेलं हरीण लगेच मरत नाही. तासन् तास मरतं. शिकार करावी की नाही हा वेगळा वाद आहे आणि त्यात माझं मत डळमळीत आहे. पण करायचीच तर जनावर जागीच पडलं पाहिजे, यावर शिकारी आणि शाकाहारी दोघांचंही एकमत होईल. आजोबा मला एका शब्दाने बोलले नाहीत. फक्त म्हणाले, "माझाच हात हलला असेल, वय झालं."

मला ते काही पटेना. सॉफ्टवेअरवाल्याला "युजरची चूक असेल" हे वाक्य फार ओळखीचं असतं. आणि बहुतेक वेळा ते खोटं असतं.

मग आम्ही रीतसर डीबगिंगला बसलो. एका वेळी एकच गोष्ट बदलायची. आधी रायफलचे, बेसचे आणि रिंगांचे सगळे स्क्रू तपासले, घट्ट होते. तीच रायफल, तीच काडतुसं, वाळूच्या पिशव्यांवर टेकवून १०० यार्डांवर (म्हणजे साधारण ९१ मीटर) पहिल्या तीन गोळ्या. तिन्ही मध्यापासून चार-पाच इंच बाजूला! मग त्याच रिंगांत माझ्या मित्राचा खात्रीचा स्कोप बसवला. झिरो केल्यावर गोळ्या दीड इंचात. आजोबांचा हात ठणठणीत होता. खोटारडा होता तो माझा लाडका, स्वच्छ काचेचा स्कोप.

असं का होतं हे समजायला स्कोपच्या पोटात शिरावं लागतं. बाहेरच्या नळीच्या आत आणखी एक छोटी नळी असते. पुढच्या भिंगाने उलटी केलेली प्रतिमा सुलटी करणारी भिंगं हिच्यात बसवलेली असतात, आणि बहुतेक स्कोपमध्ये फुलीही हिच्यातच असते. ही आतली नळी एका टोकाला टेकलेली असते आणि दुसरं टोक हलू शकतं. वरचा नॉब फिरवलात की त्याचा स्क्रू तिला खाली ढकलतो, बाजूचा नॉब फिरवलात की आडवी ढकलतो. पण नॉब उलटा फिरवला तर? स्क्रू मागे सरतो, तो काही नळीला ओढून आणत नाही. नळीला स्क्रूच्या मागोमाग परत आणायचं काम समोरून रेटणाऱ्या स्प्रिंगचं असतं. स्वस्त मालात ही स्प्रिंग म्हणजे अनेकदा एक पातळ पट्टी. ती थकली की नळी मध्येच कुठेतरी अडकून राहते. मग बंदुकीचा धक्का बसला, किंवा रँचच्या खडबडीत रस्त्यावर गाडी दोन तास हादरली, की नळी टुणकन आपल्या "खऱ्या" जागी जाते. आजोबांचं नेमकं हेच झालं होतं. शेवटची गोळी मध्यावर लागली ती नळी अडकलेली असताना.

तर सांगायचा मुद्दा असा की आपण दुकानात स्कोप डोळ्याला लावतो तेव्हा काच बघतो. स्प्रिंग दिसत नाही. आणि जुन्या स्वस्त स्कोपमध्ये दगा देते ती बहुधा स्प्रिंगच.

"पण काच महत्त्वाची नाही का?" आहे ना! पण किती, ते आकड्यांत बघू. लेप नसलेल्या काचेच्या प्रत्येक पृष्ठभागावरून साधारण ४ टक्के प्रकाश परत फिरतो. साध्या एकपदरी लेपाने ते नुकसान दीड टक्क्यावर येतं, अनेकपदरी लेपाने अर्ध्या टक्क्यावर किंवा त्याहून खाली. समजा आत असे १० पृष्ठभाग आहेत. लेप नसेल तर सुमारे ६६ टक्के प्रकाश पार होईल, एकपदरीला ८६ आणि अनेकपदरीला ९५. म्हणजे जुना एकपदरी आणि नवा अनेकपदरी यांत फरक पडतो नऊ-दहा टक्क्यांचा. डोळ्याला तो शेजारीशेजारी ठेवून बघितल्यावरच जाणवतो.

आता दुसरा आकडा. पुढच्या भिंगाचा व्यास भागिले पट, म्हणजे डोळ्यात शिरणाऱ्या प्रकाशझोताची जाडी. चौपट आणि ३२ मिलिमीटरच्या स्कोपला ती येते ८ मिलिमीटर. नऊ पटीवर ठेवलेल्या ४० मिलिमीटरच्या स्कोपला फक्त ४.४. तरण्या माणसाची बाहुली अंधारात ७ मिलिमीटरपर्यंत उघडते, म्हाताऱ्याची पाचच्या आसपास. म्हणजे संधिप्रकाशात, जेव्हा हरणं बाहेर पडतात तेव्हा, साधा चौपट स्कोप डोळ्याला मावेल त्याहून जाड झोत देतो. मी भर दुपारी ड्राइव्हवेवर उभा राहून कवेलू मोजत होतो, त्याचा शिकारीशी काय संबंध? काही नाही!

तीच गोष्ट पॅरलॅक्सची. डोळा इकडेतिकडे हलवला की फुली निशाणावर सरकताना दिसते आणि लोक घाबरतात. शिकारीच्या रायफलींचे बरेच स्कोप १०० यार्डांसाठी जुळवलेले असतात. ४० मिलिमीटरच्या भिंगाला २०० यार्डांवर, डोळा अगदी कडेला गेला तरी, गणिताने चूक येते २० मिलिमीटर. एक इंचसुद्धा नाही. हरणाच्या छातीचा मर्माचा भाग आठेक इंचांचा असतो. पॅरलॅक्सने हरीण जखमी होऊन पळत नाही, पण चार-पाच इंच सरकलेल्या झिरोने नक्की पळतं.

मग लोक नावावर जातात. "वीव्हर आहे ना, मग चांगलाच." बिल वीव्हर हा माणूस खरंच भारी होता. १९३० मध्ये त्याने ३-३० नावाचा स्कोप काढला, माउंटसकट १९ डॉलरला. सामान्य माणसाला परवडणारा स्कोप. १९३३ मध्ये कारखाना टेक्सासमधल्या एल पासोला हलवला. दुसऱ्या महायुद्धात अमेरिकी सैन्याच्या एम१९०३ए४ या स्नायपर रायफलीवर त्याच्याच ३३०सी मॉडेलचा स्कोप एम७३बी१ या नावाने बसवला जात होता. म्हणजे "स्वस्त" म्हणजे "टाकाऊ" नव्हे, हे तेव्हाच सिद्ध झालं होतं. पण १९६८ मध्ये कंपनी ऑलिनकडे गेली, १९८४ मध्ये एल पासोचा कारखाना बंद पडला, आणि नंतर तेच नाव जपानमध्ये बनलेल्या स्कोपवर आलं. ते वाईट होते असं अजिबात नाही, पण वेगळे होते. टास्कोचंही तसंच. १९५४ पासून मायामीची कंपनी, २००२ मध्ये बंद पडली आणि नाव बुशनेलने घेतलं. त्या एका नावाखाली बऱ्यापैकी माल आला आणि अगदी फुसका मालही आला. नाव म्हणजे फोल्डरचं नाव हो, आत कुठली फाइल आहे ते उघडल्याशिवाय कळत नाही.

आणि "जुनं ते सोनं" हाही फंडा नको. आज टिकून राहिलेले जुने स्कोप बघून आपण म्हणतो, "पूर्वी काय मजबूत बनवायचे!" जे मोडले ते केव्हाच कचऱ्यात गेले, ते आपल्याला दिसतच नाहीत. साठ-सत्तरच्या दशकांत .२२ साठी पाऊण इंच नळीचे पुष्कळ स्वस्त स्कोप आले. माझ्याकडे त्यातले चार आहेत. एक अजून धडधाकट आहे, तीन खेळणी.

मग जोखायचं कसं? माझी हल्लीची पद्धत सांगतो. स्वस्त ते महाग अशा क्रमाने, कारण नापास व्हायचाच असेल तर फुकटात होऊ दे.

१) बाहेरून हात फिरवा. रिंगांनी नळी चेपलीय का? स्क्रूच्या खाचा फाटल्यात का? फाटल्या असतील तर आधी कुणीतरी त्याच्याशी झटापट केलीय. मग कानाशी धरून हलवा. खडखड आली तर नमस्कार.

२) टॉर्च तिरका मारून आत बघा. थोडी धूळ चालते. कोळ्याच्या जाळ्यासारखे धागे म्हणजे बुरशी. मुंबईच्या पावसाळ्यात कॅमेऱ्याच्या भिंगाला धरते, तीच ही. कडेला इंद्रधनुष्यी चट्टे दिसले तर दोन भिंगं जोडणारा डिंक सुटतोय.

३) अर्धा तास फ्रिजमध्ये ठेवा आणि बाहेर काढा. बाहेरून धुकं येणारच, ते पुसा. आतून धुकं आलं तर सील गेलंय. (बायकोला आधी सांगून ठेवा. भाजीच्या कप्प्यात स्कोप सापडल्यावर काय होतं ते मी अनुभवलंय.)

४) खोक्याला समोरासमोर इंग्रजी व्हीसारख्या दोन खाचा कापा, स्कोप त्यात आडवा ठेवा, दूरच्या एका खुणेवर धरा आणि जागच्या जागी गोल फिरवा. फुली खुणेभोवती प्रदक्षिणा घालत असेल तर घाबरू नका, नॉब मध्यावर नाहीत एवढाच त्याचा अर्थ. हळूहळू मध्यावर आणा. आणि काही जुन्या मॉडेलांत नॉब फिरवल्यावर फुली चित्राच्या मध्यापासून सरकलेली दिसते. तो बिघाड नाही, त्यांची रचनाच तशी होती. चांगले स्कोप लोक या कारणाने टाकून देतात!

५) आता खरी परीक्षा. २५ यार्डांवर आलेख-कागद लावा, खोकं घट्ट बसवा, डोळा मध्यावर ठेवा. पाव मिनिटाचे क्लिक असतील तर ४० क्लिक म्हणजे १० मिनिटं. (एक मिनिट म्हणजे अंशाचा साठावा भाग, १०० यार्डांवर १.०४७ इंच.) २५ यार्डांवर फुली २.६ इंच सरकायला हवी. सरकली २.३ तर हरकत नाही, शिकारीत कोण क्लिक मोजत बसतंय? पण ४० क्लिक उलटे फिरवल्यावर ती निघाली तिथेच परत आली पाहिजे. आता पेन्सिलीने नॉबवर टकटक करा. टकटकीने फुली जागची हलली तर स्प्रिंग मेली. जुने नेमबाज झिरो करताना रिकाम्या पुंगळीने नॉबवर ठोकायचे ते उगाच नव्हे.

६) एवढ्यातून पास झाला तरच काडतुसं खर्च करा. १०० यार्डांवर तीन गोळ्या. मग २० क्लिक उजवीकडे, तीन गोळ्या. २० खाली, २० डावीकडे, २० वर, दर वेळी तीन गोळ्या. साधारण पाच इंचांचा चौकोन व्हायला हवा, आणि शेवटच्या तीन गोळ्या पहिल्या तिघींच्या घरात. बंदुकीचा धक्का खाऊनही परत येतो की नाही, हे खोक्यात कळत नाही.

आजोबांच्या झूमवाल्याला हीच परीक्षा दिली. चौकोन? गावठी भेंडीसारखा काहीतरी आकार आला. आणि के-४? त्याचे क्लिक इतके मऊ की लागले की नाही कळत नाही, चौकोन जरा वाकडा, पण शेवटच्या तीन गोळ्या पहिल्या तिघींना चिकटून. पुन्हा केला, पुन्हा तेच.

यावर माझा मित्र म्हणतो, "कशाला एवढा खटाटोप? दीड-दोनशे डॉलरला नवीन घे." त्याचं बरोबर आहे. आज तेवढ्या पैशांत नवा स्कोप मिळतो, त्याची काच के-४ पेक्षा सरस असते आणि वर वॉरंटी. जुन्याला सुटे भाग मिळत नाहीत, बिघडला की संपला. शिकारीच्या काडतुसाला डॉलरच्या वर पडतात, म्हणजे सहाव्या पायरीतच पंधरा गोळ्या उडाल्या. कुणी मला विचारलं "जुना स्वस्त स्कोप घेऊ का?" तर मी सांगेन, हौस आणि वेळ असेल तरच घे. पण नवा घेतलास तरी पाचवी आणि सहावी पायरी चुकवू नकोस. नवीन खोक्यातून निघाला म्हणून स्प्रिंग चांगली असते असं नाही, फक्त अजून थकलेली नसते.

माझं म्हणणं एवढंच. ज्या वस्तूवर दुसऱ्या जिवाचं मरण सोपं की हालाचं हे ठरणार आहे, तिला "दिसतं छान" एवढ्यावर पास करायचं नाही. मला डोळ्याने दिसत होतं ते मी तपासलं, आणि जे तपासायला हवं होतं ते दिसत नव्हतं म्हणून सोडून दिलं. ऑफिसात ज्युनिअर पोरांनी असं केलं तर मी त्यांना फाडून खातो. स्क्रीन सुंदर आहे रे, पण डेटा सेव्ह होतो का?

गेल्या सीझनला आजोबांनी के-४ लावला. एकच गोळी, ऐंशी यार्ड, हरीण जागीच. मला खोटं वाटू नये म्हणून त्यांनी झिरो केलेला कागदही दाखवला, सीझनच्या आधीचा आणि नंतरचा. दोन्हीत भोकं एकाच जागी. काल संध्याकाळी येऊन स्कोप माझ्या हातात ठेवला, म्हणाले, "यंदाही एकदा तपासून दे. मला तुझ्या डोळ्यावर भरवसा नाही, पण तुझ्या खोक्यावर आहे!"

असो. फ्रिजमधली भाजी बाजूला करतो, बायको यायच्या आत तिसरी पायरी उरकली पाहिजे. पुढच्या शनिवारी भेटूच.